सव्वापाचची बस

सहा महिने मी त्या माणसाशी बोलत होतो. रोज सकाळी कोल्हापूरच्या कावळा नाक्यापासून थेट कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या गेटपर्यंत, म्हणजे चांगला पाऊण तास. तेवढ्या काळात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, मोडता मोडता राहिलं आणि झालं. भावकीतला बांधाचा वाद प्रांतसाहेबांकडे गेला. माझ्या तळपायाला कुरूप झालं, ते एका वैद्यानं काढलं, पुन्हा झालं. हे सगळं मी त्याला तारीखवार सांगितलं. तो खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि बस हलेल तशी मान हलवायचा. असा ऐकणारा मिळायला पुण्याई लागते, असं मी घरीही बोलून दाखवलं होतं.

मग एके दिवशी गोकुळ शिरगावच्या अलीकडे, हायवेच्या सहापदरीकरणाच्या डायव्हर्शनवर बस दाणकन आदळली आणि त्याच्या कानातून एक पिवळं बूच निसटून माझ्या मांडीवर पडलं. इअर प्लग. मशिन शॉपच्या आवाजासाठी कंपनी देते तो.

मी तो उचलून त्याच्या हातात दिला.

"थँक्यू, आण्णा," तो म्हणाला आणि बूच परत जागेवर बसवलं.

सहा महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मला राग यायला हवा होता. आलाही. पण माझा राग टिकत नाही. राग धरायचा म्हणजे बोलणं बंद करावं लागतं आणि तेवढी ताकद माझ्यात नाही. शिवाय विचार केला, तर चूक कायद्याचीच होती. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे, ती ओलांडली की कानाला बूच लागतं. कंपनीच्या बसमधल्या बोलण्याला मात्र कुठल्या कारखाना निरीक्षकानं अजून मीटर लावलेला नाही.

आमची बस आहेच तशी. पुढच्या बाकांवर वाढदिवस, मधल्या बाकांवर शेअर बाजार आणि मोबाइलवरच्या रील्स, मागच्या बाकांवर राजकारण. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. आमच्या बसची मागची सहा बाकं हे त्याचं बहिःशाल केंद्र. तिथं कुठला गट कुणाबरोबर गेला याची चर्चा लक्ष्मी टेकडी आली तरी संपत नाही. संपली, तर तेवढ्यात गट बदललेला असतो. पण जिल्ह्यात गारगोटीला आणखी एक विद्यापीठ आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभं केलेलं, पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव लावणारं मौनी विद्यापीठ. शिवछत्रपतीसुद्धा ज्यांच्या दर्शनाला गेले असं सांगतात ते हे मौनी महाराज. तेव्हा आमच्या या सहप्रवाशाला बसनं एकमतानं त्या विद्यापीठाची पदवी बहाल केली: मौनीबाबा. पुढं बाबा गळालं आणि नुसता मौनी राहिला.

असा एक प्रत्येक कंपनीत असतो. वाढदिवसाचा केक कापताना तो हजर असतो, पण फोटोत नसतो. लग्नाला येतो, अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला जेवतो आणि आहेराच्या रांगेत लोक एकमेकांना ओळखायच्या आत गावाबाहेर पडलेला असतो. फोन वाजला की तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतो आणि मग "काय काम होतं?" असा मेसेज करतो. कोल्हापुरात अशा माणसाला घुम्या म्हणतात, आतल्या गाठीचा म्हणतात, जास्तच जिव्हाळा असेल तर "डॉक्टरला दाखीव" म्हणतात. एकटं बसणं हा आमच्याकडे आजार आहे. कोण कट्ट्यावर एकटा दिसला, तर दोघं जण जाऊन शेजारी बसतात आणि "काय झालं रं?" म्हणून विचारतात. काहीच झालेलं नसलं, तरी त्यांच्या विचारण्यानं होतं.

मौनीची नोकरी मात्र त्याला शोधत आली असावी. तो स्टँडर्ड रूममध्ये आहे. मशिन शॉपच्या एका कोपऱ्यात काचेची खोली, दुहेरी दार, आत ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर जॉब मोजणारं सीएमएम मशिन आणि 20 अंश तापमान. बाहेर मे महिना पेटलेला असो, आत 20. लांबी मोजायची तर ती या तापमानालाच धरायची, हे 1931 पासून जगानं मान्य केलेलं आहे. कारण धातू गरम झाला की फुगतो. 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब 30 अंशांनी गरम असला, तर सुमारे 35 मायक्रॉननं वाढतो, म्हणजे साधारण निम्म्या केसाएवढा. तुम्हाला-मला निम्म्या केसाचं काय? पण ड्रॉइंगवर टॉलरन्सच दहा मायक्रॉनचा असेल, तर चांगला जॉब रिजेक्ट होतो आणि वाईट जॉब गिऱ्हाइकाकडे जातो. म्हणून मशिनवरून आलेला जॉब पुसायचा, टेबलावर ठेवायचा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. याला सोकिंग म्हणतात. तोवर कुणी हात लावायचा नाही. आपल्या हाताची ऊबसुद्धा त्याला चालत नाही.

मी स्टोअरला. महिनाअखेरीला डिस्पॅचची गाडी लावून ठेवलेली असायची आणि शेवटचा जॉब याच्या टेबलावर देवासारखा बसलेला असायचा. एकदा मी दार ढकलून आत गेलो. "आरं मोज की पटदिशी! ड्रायव्हर बोंबलायला लागलाय."

त्यानं हाताचा पंजा वर केला. वाहतूक पोलीस करतो तसा नाही; पाळण्यातलं पोर नुकतंच झोपलंय अशा घरात बाई करते तसा.

"गरम जॉब मोजत नाहीत, आण्णा."

हे दुसरं वाक्य. मी ते ऐकलं, आणि बाहेर येऊन ड्रायव्हरशी बोलत बसलो.

तर असा हा माणूस गेल्या दिवाळीनंतर सव्वापाचच्या बसला दिसेनासा झाला. सकाळी यायचा, खिडकी, बूच, सगळं व्यवस्थित. संध्याकाळी त्याची जागा रिकामी. जनरल शिफ्ट पाचला सुटते, बस सव्वापाचला निघते, आणि पुढची बस थेट सेकंड शिफ्टची, रात्री. मग हा जातो कुठं?

बसनं चौकशी समिती नेमली नाही, कारण बस हीच कायमस्वरूपी चौकशी समिती आहे. पहिल्या आठवड्यात निष्कर्ष आला की तो हुपरीला चांदीच्या कारखान्यात जोडधंदा करतो. हात बारीक कामाचा आहे ना. दुसऱ्या आठवड्यात जोडधंद्याच्या जागी एक बाई आली. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकांनी जाहीर केलं की तो महापालिकेला उभा राहणार आहे आणि गुपचूप गाठीभेटी घेतोय. न बोलणारा माणूस निवडणुकीत सगळ्यात धोकादायक, असंही एकानं सांगितलं. शेवटी बसच्या वतीनं मी त्याच्या घरी जायचं ठरवलं. आधी फोन केला नाही. फोन करून जाणं म्हणजे परक्यासारखं.

घर मंगळवार पेठेत. ज्यानं ती गल्ली बघितली नाही त्याला मौनीचं दुःख कळायचं नाही. एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत. याच्या घरात फोडणी पडली की त्याच्या घरात शिंक. समोर तालीम, तालमीसमोर कट्टा. फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर आपला संघ जिंकला, तर रात्री दारात फटाके आणि हरला, तर रात्री दारात चर्चा. फटाके निदान अर्ध्या तासात संपतात. अशा गल्लीत मी रात्री आठला त्याच्या दारात उभा राहिलो, तर घरात उजेड जवळजवळ नाहीच.

"या की आण्णा, बसा," वहिनी म्हणाल्या. "ते आत भाजी निवडालेत. मी चहा ठेवतो." (पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात आणि ऐकणाऱ्याची त्याविरुद्ध काही म्हणायची छाती होत नाही.)

आतल्या खोलीत झिरोचा बल्ब. नावाला झिरो, पण हे जुने बल्ब बारा-पंधरा वॅट वीज खातात. त्या पिवळ्या उजेडात मौनी पाटावर मांडी घालून मेथी निवडत होता. एकेक पान. समोर तीन ताटल्या: एकीत पानं, दुसरीत कोवळे देठ, तिसरीत पिवळी पडलेली. तिसरी रिजेक्शनची असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी शेजारी बसलो. मदत म्हणून एक काडी उचलली, पानं ओरबाडली आणि ताटलीत टाकली. त्यानं त्यातली दोन पानं उचलून तिसऱ्या ताटलीत ठेवली.

"मोबाइल लागत नाही तुझा."

त्यानं हनुवटीनं फळीवरचा पितळी डबा दाखवला. डब्यात ज्वारी आणि ज्वारीत मोबाइल. म्हणजे फोन घ्यायचा तर उठा, डबा उतरवा, कोपरापर्यंत हात घाला, दाणे झटका. तोपर्यंत समोरचा माणूस कंटाळतो. कारखान्यात चूक होऊच नये अशी जी जपानी युक्ती करतात, तिला पोका-योके म्हणतात. ती मंगळवार पेठेत ज्वारीच्या डब्यात बघायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

बाकीचं वहिनींकडून कळलं. सातच्या पुढं घरी येतो. कोमट पाण्यानं पाय धुतो, पायरीवर बसून वाळू देतो, टॉवेल वापरत नाही. मग निवडणं: मेथी नसली तर तांदूळ, तांदूळ निवडून झाले असले तर शेजारणीचे तांदूळ. हातात निवडणं असलं की कोणी हाक मारली, तरी "हातात काम आहे" म्हणता येतं आणि ते खोटं ठरत नाही. नऊला भाकरी. त्यानंतर मात्र तासभर बायको-पोरांशी बोलतो.

"बोलतो?" मी उडालोच.

"बोलत्यात की! लय बोलत्यात. पोरं हसून हसून लोळत्यात. तुमची पण नक्कल करत्यात."

हे मी बसमध्ये सांगितलेलं नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला: पाच ते सात तो असतो कुठं? वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी विचारत नाही. आधी बशीनं यायचे तवा दोन तास तोंड पाडून बसायचे. आता हसत येत्यात. मी कशाला विचारू?" अशा बायका आमच्या काळी नव्हत्या.

पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं, पाऊण तास. तो म्हणाला, "मामा, ते इंट्रोव्हर्ट आहेत." मग त्यानं माझं शिक्षण केलं. म्हणे कार्ल युंग नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1921 च्या पुस्तकात माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे भाग पाडले. पुढं 1923 पासून त्यानं स्वतःसाठी झ्युरिचच्या तळ्याकाठी बोलिंगेन गावात दगडी बुरूज बांधायला घेतला आणि तिथं वीजसुद्धा घेतली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला शांत बसायला बुरूज लागला. आमच्या मौनीचं ज्वारीच्या डब्यावर भागतं. मग हान्स आयझेंक म्हणून आणखी एक जण. त्यानं 1967 मध्ये मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून थोड्याशा गलक्यानंही तो भरून जातो. याची एक चाचणीही आहे: जिभेवर लिंबाचे थेंब टाकायचे, अंतर्मुख माणसाला लाळ जास्त सुटते. दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये मौनीसमोर बसून मिसळीवर सावकाश लिंबू पिळलं आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिलो. तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. तोंडाला पाणी माझ्याच सुटलं होतं.

भाच्यानं काही व्हिडिओही पाठवले. अंतर्मुख माणसानं संध्याकाळी काय करावं? तर सुगंधी मेणबत्ती लावावी, लव्हेंडरचं तेल उशीवर शिंपडावं, डायरी लिहावी, सौम्य संगीत ऐकावं. करणाऱ्यांनी जरूर करावं. पण ज्याच्या उशीपासून तालमीचा डॉल्बी वीस फुटांवर आहे, त्याला लव्हेंडर किती पुरणार? आणि गाळप हंगामात कागलच्या हवेत मळीचा जो वास भरून राहतो, त्याच्यापुढं मेणबत्तीनं काय करावं? मौनीचे उपाय वेगळे असतात, मापात बसणारे. रंकाळ्यावर फिरायला गेला तर तो गर्दी ज्या दिशेनं चालते त्याच दिशेनं आणि त्याच वेगानं चालतो. उलट गेलं तर ओळखीचा प्रत्येक माणूस समोरून येतो. सुलट गेलं तर पुढचा पुढं आणि मागचा मागं. वर्षानुवर्षं मी रंकाळ्याला उलटी फेरी मारतो आणि मला सगळं गाव भेटतं. त्यामागं विज्ञान आहे, हे मला माहीत नव्हतं. गणपतीत तर तो आपणहून रात्रपाळी मागून घेतो. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढं जाते. तेवढा वेळ हा काचेच्या खोलीत 20 अंशांत गेजेस तपासत असतो. मॅनेजर त्याला निष्ठावान कामगार समजतो.

आणि मग पौषात माझीच बस चुकली. स्टॉकमध्ये बेअरिंगची दोन खोकी जमेनात. जमली तेव्हा साडेपाच वाजले होते. खोकी माझ्याच खुर्चीखाली होती. कुणाला तरी फोन करून गाडी बोलवावी, तर मोबाइलची बॅटरी दिवसभर बोलून संपलेली. निघालो चालत, लक्ष्मी टेकडीच्या दिशेनं.

बाहेरगावचे लोक आमच्या वसाहतीच्या नावाला हसतात. पंचतारांकित म्हटल्यावर मला एका पाहुण्यानं विचारलं होतं, "स्वयंपाकी की वेटर?" बुटीबोरी, शेंद्रा, नांदगाव पेठ आणि आमचं कागल-हातकणंगले अशा वसाहतींना सरकारनं हा किताब दिला तो रुंद रस्ते, पाणी, वीज यांसाठी. पण ते पाच तारे नेमके कुठले, हे मला कुणी मोजून दाखवलं नव्हतं. इतकी वर्षं मी ही वसाहत बसच्या काचेतून, तीही मागं वळून बोलताना बघितलेली. पायी चालताना पहिल्यांदाच कळलं की सव्वापाचनंतर इथं कुणी नसतं. शेड्सच्या आत सेकंड शिफ्ट चालू असते, बाहेर रस्ते मोकळे. रिकाम्या प्लॉटवर गवत वाळलेलं, बाभळी, टिटवी ओरडतेय. लांबून उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं येतं, येत येत जातं.

वळणाच्या पुढं मोरीच्या कठड्यावर मौनी बसला होता. ना चांदी, ना बाई, ना गाठीभेटी. नुसता बसला होता. पाय खाली सोडलेले, डबा शेजारी. आणि कानात बूच नव्हतं.

मी जाऊन बसलो. तो सरकला, म्हणजे जागा दिली की अंतर ठेवलं ते कळलं नाही. मी ठरवलं की बोलायचं नाही. घड्याळ बघितलं, पाच त्रेपन्न. पुष्कळ वेळ गेल्यावर पुन्हा बघितलं, पाच छप्पन्न. कुठल्या तरी शेडमधून कॉम्प्रेसरनं फुस्स केलं. मला बेअरिंगची गोष्ट सांगायची होती. ती दाबून धरली, तर तिच्यामागून जावयाची आली. ती दाबली, तर प्रांतसाहेबांचा निकाल वर आला. सहा वाजून चार मिनिटांनी मी फुटलो.

"थंडी तशी नाही यंदा, न्हाई?"

त्यानं पंजा वर केला. तोच, पाळण्याजवळचा.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की आपण स्टँडर्ड रूममध्ये विनापरवाना शिरलोय आणि टेबलावर जॉब ठेवलेला आहे. मी तोंड मिटलं. सूर्य बुडाला. मला वाटतं साडेसहाच्या सुमाराला माझ्या आतल्या गोष्टी संपल्या, किंवा दमून खाली बसल्या. पश्चिमेला एक ठिपका ठळक दिसायला लागला. मौनीनं मान वर केली आणि पूर्वेकडं वळवली. तो बोट दुमडून काहीतरी मोजत होता.

"चांदण्या मोजतोस?" मी कुजबुजलो.

"पाच झाल्या की उठायचं."

"ती धर की मग, पश्चिमेची. केवढी मोठी आहे!"

"शुक्र. ग्रह आहे तो." जरा थांबून म्हणाला, "रिजेक्ट."

मग आम्ही दोघं पूर्वेकडं तोंड करून बसलो. डोक्याच्या बाजूला एक लालसर निघाली, ती रोहिणी असावी. उत्तरेला एक. मृगाच्या दोन. चारवर गाडी अडली. मी इतका वेळ गप्प बसून कशाची तरी वाट बघतोय, असं बायकोनं पाहिलं असतं, तर तिनं नारळ फोडला असता. अखेर एका शेडच्या पत्र्याच्या वर, धुरकट हवेत, व्याध लुकलुकला.

"पाच," मीच म्हणालो.

"पाच," तो म्हणाला आणि उठला.

"आणि पावसाळ्यात रं?"

"हायमास्टचे दिवे धरायचे."

लक्ष्मी टेकडीपर्यंत आम्ही अंधारात चालत आलो. हायवेवर निपाणीकडून येणारी एस.टी. मिळाली. आत दोन सीट शेजारी-शेजारी रिकाम्या होत्या. तो बसला, मी पुढच्या सीटवर बसलो. हे आयुष्यात पहिल्यांदाच. कावळा नाक्याला मी उतरायला उठलो. त्यानं माझ्या बाहीला हात लावला. आता हा काहीतरी मनातलं बोलणार, म्हणून मी दांडी धरून वाकलो. कंडक्टरनं बेल मारली तरी थांबलो.

"आण्णा," तो अगदी मायेनं म्हणाला, "उद्या बस चुकवू नकासा."